दुर्बिणीमागचे शिकाऊ हात

पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना हमखास दोन प्रश्न विचारतात. ‘दुर्बिणीने होईल ना?’ हा पहिला आणि ‘घरी कधी सोडणार?’ हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पोटात जाणारी ती लांबलचक अवजारे प्रत्यक्ष कोणाच्या हातात असणार आहेत आणि त्या हातांनी यापूर्वी अशी किती पित्ताशये काढली आहेत, हा तो प्रश्न. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत, विशेषतः वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत, त्याचे उत्तर अनेकदा ‘शिकणाऱ्या’ असेच असते. त्यात वावगे काही नाही. प्रत्येक निष्णात सर्जनने कधी तरी पहिली शस्त्रक्रिया केलेलीच असते. वाद आहे तो एवढाच, की ही पहिली वेळ येण्यापूर्वी त्या हातांची तयारी कोठे, कशावर आणि किती झालेली असावी.

हा प्रश्न दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबाबतच इतक्या तीव्रतेने का उपस्थित होतो, हे समजून घेण्यासाठी तिचे तंत्र थोडे पाहावे लागेल. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जनचा हात आणि डोळा एकाच जागी काम करतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्यांची ताटातूट होते. कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवले जाते, बेंबीजवळच्या छेदातून दुर्बीण आत जाते आणि इतर दोन-तीन छोट्या छेदांतून फूटभराहून लांब चिमटे, कात्र्या सरकवल्या जातात. सर्जन पाहतो ते समोरच्या पडद्याकडे. पडद्यावरील चित्र सपाट असते, त्यामुळे खोलीचा अंदाज सावल्यांवरून आणि अनुभवावरून बांधावा लागतो. पोटाच्या भिंतीतील छेद हा तरफेच्या टेकूसारखा वागतो. अवजाराचे टोक डावीकडे न्यायचे तर मूठ उजवीकडे न्यावी लागते, टोक वर हवे तर हात खाली. बोटांना ऊतीचा मऊपणा, रक्तवाहिनीची धडधड जवळपास कळत नाही. आरशात पाहून सुईत दोरा ओवण्यासारखा हा प्रकार आहे. वीस वर्षे उघड्या शस्त्रक्रिया केलेला सर्जनही या तंत्रापुढे पहिल्या दिवशी नवशिकाच असतो. जुन्या कौशल्याचा येथे उपयोग होतो, पण तो हातांना नव्हे. शरीररचनेच्या ज्ञानाला आणि निर्णयशक्तीला.

वैद्यकीय जगताला हे कळायला वेळ लागला आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. जर्मनीतील एरिक म्यूह यांनी १९८५ साली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांची टर उडवली. त्यांच्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर खटला भरला गेला. पुढे ते निर्दोष ठरले आणि १९९२ मध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या संघटनेने त्यांचा सन्मानही केला. त्यापूर्वी याच देशातील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढल्यावर त्यांच्यावरही अशीच टीका झाली होती. याच झेम यांनी सरावासाठी पोटाच्या आकाराची एक पेटी तयार केली होती. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या सरावपेट्यांची ती पूर्वज म्हणता येईल. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मूरे यांनी व्हिडिओ पडद्याच्या साहाय्याने पित्ताशय काढले आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत या तंत्राची अक्षरशः लाट आली.

भारतात ही लाट आली ती मुंबईतून. सर जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी तेथेच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. विकसनशील देशांतील अशी ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. महागडे तंत्र गरीब देशाला कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर नेमके उलटे होते. मोठा छेद घेतलेला नोकरदार महिनाभर रजेवर जाऊ शकतो, हातावर पोट असलेला मजूर जाऊ शकत नाही. म्हणून लवकर कामावर परतवणारी शस्त्रक्रिया गरिबालाच अधिक हवी, अशी त्यांची भूमिका होती. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यांचा युक्तिवाद देशाने मान्य केलेला होता. मात्र या युक्तिवादाची दुसरी बाजू अद्याप अपुरीच राहिली आहे. ज्या गरिबाला ही शस्त्रक्रिया सर्वाधिक हवी, त्याच्याच पोटावर ती शिकली जाते.

पहिल्या लाटेत काय घडले, याची नोंद अमेरिकेत आहे. तेथे उघडी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे करणारे सर्जन शनिवार-रविवारच्या अभ्यासवर्गाला जात, भूल दिलेल्या डुकरावर एक-दोन पित्ताशये काढत आणि घरी परतून रुग्णांवर शस्त्रक्रिया सुरू करत. दक्षिणेकडील राज्यांतील सर्जनांच्या एका गटाने १५१८ शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे एकूण प्रमाण अर्धा टक्का होते. हा आकडा वरवर किरकोळ वाटतो. परंतु सर्जनांच्या प्रत्येक चमूचे पहिले तेरा रुग्ण वेगळे काढले तेव्हा त्यांच्यातील प्रमाण २.२ टक्के निघाले आणि त्यानंतरच्या रुग्णांत अवघे ०.१ टक्का. १९९५ मधील आणखी एका अभ्यासाने हाच निष्कर्ष निराळ्या रीतीने मांडला. सर्जनच्या पहिल्या शस्त्रक्रियेत इजेची शक्यता १.७ टक्के, तर पन्नासाव्या शस्त्रक्रियेत ती ०.१७ टक्के, म्हणजे एक दशांश. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला १९९२ मध्ये रुग्णालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या आणि अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली ठराविक शस्त्रक्रिया केल्याखेरीज स्वतंत्रपणे काम करू देऊ नये, असे सांगावे लागले.

पित्तनलिकेची इजा म्हणजे काय, हे या टक्केवारीतून कळत नाही. खडे काढायला आलेला, दोन दिवसांत घरी जाण्याच्या तयारीने आलेला माणूस कावीळ घेऊन परततो. पोटात पित्त साचते, जंतुसंसर्ग होतो, मोठ्या केंद्रात पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करून आतडे थेट नलिकेला जोडावे लागते. काहींना पुढील कित्येक वर्षे वारंवार ताप आणि कावीळ येत राहते. ज्या तंत्राचा सारा गौरव लहान छेद आणि अल्प मुक्काम यांवर उभा आहे, त्यातील ही चूक रुग्णाच्या उर्वरित आयुष्याला चिकटून राहते.

शल्यशिक्षणाची परंपरागत पद्धत ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ या सूत्रात सांगितली जाते. हे सूत्र दुर्बिणीपुढे टिकले नाही. त्याची जागा घेतली ती पेटीने. पेटी तशी साधी असते. वर दोन भोके, आत कॅमेरा, समोर पडदा. नवशिक्याला प्रथम सहा लहान कड्या एका हाताच्या चिमट्याने खुंटीवरून उचलायच्या असतात, अधांतरी दुसऱ्या हाताच्या चिमट्यात द्यायच्या आणि पलीकडच्या खुंट्यांवर बसवायच्या. मग तोच प्रवास उलटा. त्यानंतर जाळीदार कापडावर छापलेले वर्तुळ रेषा न सोडता कापायचे, दोऱ्याचा फास नेमक्या खुणेवर आवळायचा, टाका घालून एकदा बाहेरून आणि एकदा आतल्या आत गाठ मारायची. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेराल्ड फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही कामे आणि त्यांची गुणपद्धती बसवली. त्यातून अमेरिकी शल्यसंघटनांची ‘फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी’ ही परीक्षा उभी राहिली. २०१० च्या सुमारास ती उत्तीर्ण झाल्याशिवाय अमेरिकेत सामान्य शल्यचिकित्सेचे प्रमाणपत्र मिळणे बंद झाले. कडी उचलण्याच्या कामाला तेथे पाच मिनिटांची मर्यादा आहे. प्रथमच बसणाऱ्याच्या कड्या पेटीभर विखुरतात आणि कपाळावर घाम येतो. काही आठवड्यांच्या सरावानंतर तेच काम मिनिटाभरात होऊ लागते.

हा केवळ खेळ नाही, याचाही पुरावा आहे. येल विद्यापीठात सोळा निवासी डॉक्टरांपैकी आठ जणांना आभासी शस्त्रक्रियेच्या यंत्रावर आधी तयार करण्यात आले आणि मग सर्वांना प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात पित्ताशय यकृतापासून सोडवायला सांगण्यात आले. कोण सराव करून आला आहे, हे गुण देणाऱ्यांना माहीत नव्हते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सराव केलेल्यांनी तेच काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला छिद्र पडण्याची किंवा भलतीच ऊती भाजली जाण्याची शक्यता पाचपट आढळली. २००७ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने तर पालकांची झोप उडवली असती. ज्या सर्जनांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळले होते, त्यांच्या चुका सरावात ३७ टक्के कमी भरल्या. अर्थात त्यात अवघे ३३ सर्जन होते. त्यामुळे मुलाच्या हातात खेळ देऊन तो सर्जन होण्याची वाट पाहू नये.

तथापि येथेच एक सावधगिरी बाळगायला हवी. पेटी हात घडवते, नजर घडवत नाही. पित्तनलिका इजांच्या २५२ प्रकरणांची तपासणी २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली तेव्हा त्यातील ९७ टक्के इजांचे मूळ हातातील दोषात नव्हे, तर दृष्टिभ्रमात सापडले. सर्जनने मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून अत्यंत सफाईने कापले होते. कौशल्य कमी पडल्याने झालेल्या इजा जेमतेम तीन टक्के होत्या. म्हणजे सुबक हात आणि चुकीची समजूत हे सर्वांत घातक मिश्रण ठरले. यावर उपाय म्हणून अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक कसोटी सुचवली होती. पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोण चरबी आणि पडद्यांपासून मोकळा करायचा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा आणि पित्ताशयात दोन, केवळ दोनच नळ्या शिरताना दिसल्याखेरीज काहीही कापायचे नाही. कसोटी सोपी आहे, पण सूज आलेल्या, रक्ताळलेल्या पोटात ती पूर्ण होत नाही तेव्हा थांबणे अवघड असते. थांबायचे, वरिष्ठाला बोलवायचे, गरज पडली तर पोट उघडायचे, हे शिकवणारी पेटी अजून कोणी बनवलेली नाही. ते शस्त्रक्रियागृहात, शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसाकडूनच शिकावे लागते. त्यातही एक नवी अडचण उभी राहिली आहे. पित्ताशयाच्या जवळपास सर्व शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागल्याने आजच्या निवासी डॉक्टरला उघडी शस्त्रक्रिया पाहायलाच फारशी मिळत नाही. अडचणीच्या वेळी ‘पोट उघडा’ हा सल्ला त्याला मिळतो, पण उघडलेल्या पोटात काय करायचे याचा सराव त्याला नसतो. आणि जो रुग्ण उघडावा लागतो, तो नेमका सर्वांत अवघड असतो.

भारतातील चित्र या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली. शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. कागदावर उणीव नाही. परंतु अमेरिकेप्रमाणे पेटीवरील ठराविक परीक्षा दिल्याशिवाय पदवी नाही, असे बंधन मात्र आपल्याकडे नाही. परीक्षा नसली की सरावाचे काय होते, हे शिक्षणक्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. निवासी डॉक्टर बाह्यरुग्ण विभाग, आपत्कालीन कक्ष, वॉर्डातील कागदपत्रे आणि रात्रपाळ्या यांतून उरलेल्या वेळेत पेटीकडे वळावा, अशी अपेक्षा केली जाते. तसा वेळ उरत नाही. सरावपेटी ऐच्छिक ठेवली तर ती वापरली जात नाही, हा परदेशांतील प्रशिक्षण केंद्रांचाही अनुभव आहे. अशा वेळी उपकरण आहे की नाही यापेक्षा खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि खोली संध्याकाळी सहानंतर उघडी असते का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. पाहणीसाठी येणाऱ्या समितीला खोली दाखवता येते. तिच्यात रात्री नऊ वाजता कोण बसले होते, हे दाखवता येत नाही.

मग शिक्षण होते कसे? बहुतांशी दुर्बीण धरून. शस्त्रक्रियेत कॅमेरा सांभाळण्याचे काम प्रायः सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे येते. तासन् तास सर्जनच्या बाजूला उभे राहून, त्याची नजर जाईल तेथे दुर्बीण न्यायची, क्षितिज तिरपे होऊ द्यायचे नाही, भिंग धुके धरू लागले की पुसून परत आणायचे. या कामातून नजर घडते, हे खरे. पण वर्षानुवर्षे कॅमेरा धरूनच कोणी टाका घालायला शिकत नाही. ही उणीव भरून काढतात ते शल्यसंघटनांचे अल्पमुदतीचे अभ्यासवर्ग. देशातील दुर्बीण-शस्त्रक्रिया तज्ज्ञांच्या संघटना काही दिवसांची व्याख्याने, सराव आणि शेवटी परीक्षा अशा रचनेचे अभ्यासवर्ग शहरोशहरी घेतात आणि हजारो तरुण सर्जन त्यांतून गेले आहेत. त्यांचे योगदान नाकारता येणार नाही. मात्र शुल्क, प्रवास आणि रजा यांचा भार विद्यार्थ्याच्या खिशावर पडतो. उपकरण कंपन्यांचे साहाय्यही अनेक ठिकाणी असते. ज्या कंपनीचे अवजार हातात धरून माणूस शिकतो, तेच अवजार तो पुढे रुग्णालयाकडे मागतो, हे ओघानेच आले. दोन-तीन दिवसांत तंत्राची ओळख होते, तंत्र अंगी मुरत नाही. अमेरिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शनिवार-रविवारच्या वर्गांबाबत घेतलेला धडा येथेही लागू पडतो.

विशेष म्हणजे हा प्रश्न पैशाचा जितका वाटतो तितका नाही. आभासी शस्त्रक्रियेची यंत्रे लाखांच्या घरात जातात आणि बिघडली की दुरुस्तीच्या करारावाचून धूळ खातात. परंतु पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे खोके, जुना मोबाइल किंवा संगणकाचा कॅमेरा आणि वापरातून बाद झालेले दोन चिमटे एवढ्यात कामचलाऊ पेटी तयार होते. अनेक निवासी डॉक्टरांनी वसतिगृहाच्या खोलीत अशा पेट्या बनवल्या आहेत. कड्यांऐवजी राजमा, ऊतीऐवजी कोंबडीची तंगडी आणि पित्ताशय सोडवण्यासाठी खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे काळीज. जिवंत प्राण्यांवरील सराव ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून निषिद्ध आहे आणि तरीही तेथील सर्जन शिकलेच. तेव्हा साधनांची उणीव ही खरी अडचण नाही. खरी अडचण शिकवणाऱ्याच्या वेळेची आहे. पेटीजवळ बसून ‘डावा हात नुसता धरून ठेवू नकोस, त्यालाही काम दे’ असे सांगणारा अध्यापक नसेल तर नवशिका चुकीच्या सवयीच पक्क्या करतो. त्या अध्यापकाच्या दिवसात या कामासाठी राखीव तास असत नाही आणि त्याच्या बढतीतही त्याची नोंद होत नाही.

ग्रामीण भागात तर पहिली अडचण वायूपासून सुरू होते. पोट फुगवण्यासाठी वायूचा सतत पुरवठा आणि संपूर्ण भूल लागते, ती द्यायला भूलतज्ज्ञ लागतो. ईशान्येकडील आणि इतर दुर्गम भागांत काम करणाऱ्या ग्रामीण सर्जनांनी यावर पर्याय म्हणून पोटाची भिंत अवजाराने वर उचलून वायूविना दुर्बीण वापरण्याचे तंत्र चालवले आहे. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या सहकार्याने त्यासाठी सुटसुटीत उपकरण तयार झाले आणि २०१९ मध्ये दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात ग्रामीण सर्जनांसाठी प्रशिक्षणही झाले. या उपक्रमातील लक्षणीय बाब उपकरणापेक्षा शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आधी अभ्यास, मग प्रतिकृतीवर सराव, मग देखरेखीखाली रुग्ण आणि नंतर आपापल्या गावी गेल्यावरही मार्गदर्शन, असा तो क्रम होता. मोठ्या शहरांतील अनेक निवासी डॉक्टरांना एवढा नेटका क्रम मिळत नाही.

रुग्णाच्या हक्काचा मुद्दा या साऱ्यात मागेच पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात संमतीची व्याख्या स्पष्ट केली. त्या प्रकरणात रुग्णाने दुर्बिणीद्वारे तपासणीला संमती दिली होती आणि प्रत्यक्षात गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. शस्त्रक्रियेचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. सर्जनचा अनुभव हा त्या माहितीचा भाग आहे का, हा मुद्दा तेथे नव्हता. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथील बालहृदय शस्त्रक्रियांच्या चौकशीने मात्र २००१ मध्ये त्याला थेट हात घातला. नवी पद्धत वापरताना डॉक्टरचा त्यातील अनुभव किती, हे जाणण्याचा रुग्णाला अधिकार आहे, असे त्या अहवालाने बजावले. आपल्याकडे सामान्य वॉर्डातील रुग्णाला असे काही विचारण्याची मुभा आहे, असे वाटतही नाही. खाट मिळाली हेच त्याला पुरेसे असते. खासगी खोलीतील रुग्ण मोठ्या डॉक्टरांचे नाव घेऊन येतो. शिकण्याचा भार कोणाच्या पोटावर पडतो, हे यावरून उघड आहे.

आणि आता रोबो आला आहे. मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत त्याची छायाचित्रे झळकतात. त्याच्या पडद्यावर खोली दिसते, हाताची दिशा उलटी होत नाही, हाताचा कंप गाळला जातो. म्हणजे दुर्बिणीच्या बहुतेक अडचणी यंत्रानेच सोडवल्या, असे मानायला हरकत नसावी. प्रत्यक्षात २०२३ मध्ये अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतील दहा लाखांहून अधिक पित्ताशय शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नलिका पुन्हा जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, अशी इजा रोबोने केलेल्या शस्त्रक्रियांत ०.७ टक्के, तर साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत ०.२ टक्के आढळली. यंत्र नवे, लाट नवी, आणि तीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांची आठवण यावी असा फरक. रोबोच्या बाबतीत एक गोष्ट मात्र निराळी आहे. प्रत्यक्ष रुग्णाआधी आभासी सराव पूर्ण करण्याचा पायंडा त्यात पडला आहे. यंत्राबरोबरच सरावाची सोयही विकत घेतली जाते. सरकारी महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला साध्या दुर्बिणीसाठी तेवढीही सोय वेळापत्रकात मिळत नाही. त्याची सकाळ आजही कॅमेरा धरण्याने सुरू होते आणि पहिला चिमटा हातात कधी येईल, हे त्या दिवशी यादीत किती रुग्ण आहेत, यावर ठरते.